मालवाहू गाडीचे अंतरंग

आंबिया बहाराची संत्री उतरू लागली, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या बाजूंनी नागपुराकडे येणाऱ्या रस्त्यांवर पहाटेपासून लहान मालवाहू गाड्यांची जी रीघ लागते, तिचा शेवट कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू बाजार आवारात होतो. आणि तेथे उभे राहून पाहणाऱ्या बहुतेकांची दृष्टी साहजिकपणे गाड्यांच्या मागच्या अंगाकडे, म्हणजे रचलेल्या फळाकडे, त्याच्या रंगाकडे आणि त्याला मिळणाऱ्या भावाकडे वळते. प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेल्या काही काळापासून या गाड्यांच्या पुढच्या अंगाकडे, चालक जेथे बसतो त्या अरुंद केबिनकडे लागलेले आहे. यांतल्या पुष्कळशा गाड्या जुन्या आहेत. टाटांची २०७ आहे, महिंद्रांची बोलेरो पिकअप आहे, क्वचित एखादी त्याहूनही जुनी टाटा मोबाइल अजून तग धरून आहे. इंजिन पहिल्या चावीला सुरू होते, ब्रेक लागतो, दिवे लागतात. परंतु दार उघडून आत डोकावावे, तो दाराच्या आतल्या हँडलाच्या जागी तारेची कडी वळवलेली, काच वर-खाली करण्याचे हँडल नाहीसे होऊन त्याच्या उघड्या दांड्यावर पकड आवळून ठेवलेली, डॅशबोर्डच्या खणाचे झाकण सुतळीने बांधलेले, डोळ्यांवरचे ऊन अडवणारी पट्टी सायकलच्या ट्यूबच्या रबराने छताला जखडलेली आणि दाराच्या आतल्या बाजूचा पॅड अर्धा सुटून लोंबकळणारा, असे दृश्य दिसते.

या नादुरुस्त्या क्षुल्लक गणल्या जातात, याचे कारण उघड आहे. इंजिन बंद पडले तर त्या दिवसाचे भाडे बुडते आणि म्हणून मालक तत्काळ खिशात हात घालतो. काचेचे हँडल मोडले तर भाडे बुडत नाही, फक्त चालकाचा हात दुखतो, आणि चालकाच्या हाताचे दुखणे कोणत्याही हिशेबाच्या वहीत जमेला किंवा खर्चाला पडत नाही. कायद्याची दृष्टीही याहून फारशी वेगळी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्याखालील केंद्रीय नियम १९८९ यांनी मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, चालकांच्या बोलण्यातले ‘पासिंग’, अनिवार्य केले आहे. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन दोन वर्षांच्या मुदतीने आणि त्यानंतर दरसाल घ्यावे लागते. त्या वेळी ब्रेक, दिवे, भोंगा, वायपर, आरसा, वेगमापक यांची रुजुवात होते, आणि ती झालीच पाहिजे, कारण रस्त्यावरच्या इतरांचे प्राण त्यांवर अवलंबून असतात. काच सुखाने खाली येते की नाही, दाराचा पॅड जागेवर आहे की नाही, याकडे तपासनिसाची नजर सहसा जात नाही. परिणामी दरसाल पासिंग होणारी गाडी आतून दरसाल अधिकाधिक मोडत जाते.

ज्या गावात मे महिन्याचा पारा ४५ अंशांवर जाणे ही नित्याची गोष्ट आहे आणि तो ४७ अंशांच्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत, त्या गावात काचेच्या हँडलाला क्षुल्लक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. २०२५ सालापासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलनाची यंत्रणा असलीच पाहिजे, असा नियम केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केला, आणि नागपूरचेच लोकप्रतिनिधी नितीन गडकरी त्या खात्याचे मंत्री असताना तो झाला, ही या शहराने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. परंतु हा नियम एन-२ आणि एन-३ या वर्गांना, म्हणजे भारासह साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या वाहनांना लागू होतो. लहान पिकअप त्याखालच्या एन-१ वर्गात मोडतात, आणि जुन्या गाड्यांचा तर त्यात प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा नवतपाच्या दिवसांत दुपारी दोन वाजता वाडीच्या गोदामांतून माल भरून निघालेल्या जुन्या पिकअपच्या चालकाला वारा मिळण्याचे साधन एकच राहते, आणि ते साधन म्हणजे काच खाली आणणारे, वीतभर लांबीचे, काळ्या प्लास्टिकचे हँडल.

हे हँडल प्लास्टिकचे असते, या गोष्टीला एक इतिहास आहे. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा त्या जीपच्या अंतरंगात मोडण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. समोर दाबलेल्या पत्र्याचा फलक, त्यावर मीटर आणि खटके, आणि दारांच्या नावाने बहुधा कापडी पडदे. त्या फलकाला पोचा आला तर हातोड्याने ठोकून काढावा, भेग पडली तर गॅसने सांधावी, आणि हे काम तालुक्याच्या गावातला कोणताही लोहार करू शके. पुढे टेल्कोने पुण्याच्या कारखान्यातून १९८८ साली टाटा मोबाइल बाहेर काढली. चालकाच्या समोर साच्यातून काढलेला एकसंध डॅशबोर्ड, झाकणाचा खण, वाऱ्याच्या जाळ्या, दाराला पॅड, अशी मोटारीच्या धर्तीवर सजवलेली केबिन त्या गाडीने मालवाहतुकीच्या व्यवहारात आणली, आणि तिच्याच अंगावरून पुढे १९९१ साली सिएरा निघाली. चालकाच्या दृष्टीने ही निःसंशय प्रगती होती. परंतु त्याच दिवसापासून केबिनची दुरुस्ती लोहाराच्या हातून निसटली, आणि ती कोणाच्या हाती जावयाची हे कोणीच ठरवले नाही. इंजिनाचा मिस्त्री तिला आपले काम समजत नाही, वायरिंगवाला फक्त आपल्या तारा पाहतो, कुशनवाला सीट शिवून मोकळा होतो, आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा संबंध बाहेरच्या पत्र्याशी. या चौघांच्या मधल्या मोकळ्या जागेत ज्यांनी आपले कसब स्वतःच घडवले, अशा मोजक्या कारागिरांपैकी एकाची ओळख मला कामठी रस्त्याच्या बाजूला झाली. हा वयस्क गृहस्थ स्वतःला मिस्त्रीदेखील म्हणवत नाही. त्याच्याकडे खुर्च्या टाकलेले दुकान नाही. एक पत्र्याची पेटी, एक सोल्डरची इस्त्री, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांतून वर्गवारीने भरून ठेवलेल्या क्लिपा, स्क्रू, स्प्रिंगा, बुशा एवढाच त्याचा सरंजाम आहे.

त्याच्यापाशी बसून मी जी पहिली गोष्ट शिकलो ती अशी, की मोडलेला भाग हा पुष्कळदा गुन्हेगार नसून बळी असतो. एका जुन्या २०७ चा चालक काचेचे मोडके हँडल हातात घेऊन आला होता, आणि बाजारातून आणलेले नवे हँडलही त्याच्या खिशात तयार होते. फक्त बसवून द्या, एवढीच त्याची मागणी होती. कारागिराने नव्या हँडलाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने उघड्या दांड्याला पकड लावून काच अर्धी खाली आणली, मग वर नेली, आणि दोन्ही वेळा हाताला जाणवणारा विरोध त्या चालकालाच अनुभवायला लावला. “हँडलचा दोष नाही जी याच्यात. काच अडकून राहिली वरतून. नवं हँडल टाकाल तं तेही चार महिन्यांत जाईल,” असे म्हणून त्याने दाराचा पॅड उघडायला घेतला.

येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. काच दाराच्या आत दोन उभ्या खाचांमधून सरकते. त्या खाचांत रबराची आणि लवदार कापडाची पट्टी बसवलेली असते, जिला बाजारात ‘चॅनल’ म्हणतात. नवी असताना ही पट्टी काचेला अलगद धरते. काही उन्हाळे गेले की रबरातला स्निग्ध अंश उडून जातो, ते ताठर होते, आकसते, लव झिजते, आणि मग रस्त्याची धूळ तिच्यात घर करते. कोराडी आणि खापरखेड्याच्या बाजूने राखेच्या विटा वाहणाऱ्या गाड्यांत तर औष्णिक केंद्रांची ती अतिसूक्ष्म राख या खाचांतून इतकी घट्ट बसलेली आढळते, की सुईने खरवडून काढावी लागते. काच उचलणारी यंत्रणा बिचारी पूर्वीइतकेच काम करण्यास सिद्ध असते, परंतु काच हलत नाही म्हणून चालक जोर लावतो, आणि हा सारा जोर शेवटी एकवटतो तो हँडलाच्या मुळाशी, जेथे धातूच्या दातेरी दांड्यावर प्लास्टिकचे दाते बसवलेले असतात. धातू आणि प्लास्टिक यांच्या झटापटीत कोण हरणार हे ठरलेलेच आहे. दाते घासून गुळगुळीत होतात आणि हँडल नुसतेच फिरू लागते. किंवा मूळच तडकते.

म्हणून क्रम उलटा घ्यावा लागतो. आधी चॅनल साफ करावयाची. अगदीच गेली असेल तर बदलावयाची, आणि ती लांबीच्या भावाने बाजारात मिळते. तिच्यावर इंजिनचे तेल किंवा ग्रीस मुळीच लावू नये, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि धूळ आणखी चिकटते. सिलिकॉनचा फवारा मारावा, अथवा तो नसेल तर शंखजिऱ्याची पूड चोळावी. ग्रीस लावावयाचे ते दाराच्या आतल्या यंत्रणेला, जेथे नायलॉनच्या चकत्या पोलादी खाचेत सरकतात. एवढे झाल्यावर काच दोन बोटांनी वर-खाली झाली पाहिजे, आणि तशी झाल्यावरच हँडलाला हात घालावयाचा. मूळ हँडलाचे दाते गेले असतील आणि बाकी अंग शाबूत असेल, तर हा कारागीर ते मूळ पोखरून त्यात पितळेची बुश बसवतो. बुशीला आतून दाते असतात, बाहेरून कानसीच्या रेघा मारलेल्या असतात आणि दोहोंमध्ये इपॉक्सी भरलेले असते. असे हँडल कारखान्याच्या मूळ हँडलापेक्षा अधिक टिकते असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्यामागचे कारण मला पटले. धातूवर आता धातूच फिरतो. हँडल काढण्याची त्याची रीतही सांगण्याजोगी आहे. काही गाड्यांत ते स्क्रूने बसवलेले असते, पण काहींत मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार तारेची एक क्लिप असते जी बाहेरून दिसतच नाही, आणि तिच्या शोधात अननुभवी माणूस पेचकस घालून हँडलही मोडतो आणि पॅडही फाडतो. हा गृहस्थ जुन्या धोतराची एक चिंधी हँडल आणि पॅड यांच्या फटीत घालून, बूट पुसताना फडके ओढतात त्या रीतीने ती आळीपाळीने दोन्ही टोकांनी ओढतो. कापडाचा धागा क्लिपेच्या टोकाला अडकतो आणि क्लिप अलगद बाहेर येते.

दाराच्या पॅडची हकिगत याहून करुण आहे, कारण तेथे बळी जातो तो दुरुस्तीच्याच हातून. या गाड्यांचा पॅड म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा हार्डबोर्ड आणि त्यावर ताणून लावलेले रेक्झिन. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दाराच्या आत उतरणे अपरिहार्य आहे, आणि निर्मात्यांना ते ठाऊक असते. म्हणूनच दाराच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात आणि पत्रा व पॅड यांच्यामध्ये पॉलिथिनचा एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. कधी तरी काचेच्या यंत्रणेसाठी किंवा कुलपासाठी दार उघडले जाते, घाईत तो पडदा फाडून फेकला जातो, आणि पॅड पुन्हा ठोकून बसवला जातो. दिसायला काहीच बदललेले नसते. मग आषाढ येतो. खालची भोके चिखलाने बुजलेली असतात. पाणी साचते, हार्डबोर्ड ते शोषून घेतो आणि भिजलेल्या पापडासारखा वाकतो, क्लिपांची भोके कुरतडून मोठी होतात, आणि एका खड्ड्यात पॅड सुटून चालकाच्या गुडघ्यावर येतो. लोक म्हणतात, क्लिपा गेल्या. नव्या क्लिपा आणल्या जातात, त्याही राहत नाहीत, मग स्क्रू मारले जातात, तेही भुशातून निघतात. खरी दुरुस्ती पॅडपासून सुरूच होत नाही. ती दाराच्या तळाच्या भोकांतून तार फिरवून चिखल काढण्यापासून सुरू होते, मग जाड पॉलिथिनचा नवा पडदा चारही कडांनी चिकटवला जातो, आणि सर्वांत शेवटी नव्या हार्डबोर्डवर जुन्याचा आकार रेखून तो कापला जातो. त्याच्या कडांना आणि भोकांना वॉर्निशचे दोन हात दिले तर पुढच्या पावसाची भीती राहत नाही. या सर्व कामाला लागणारे साहित्य गांधीबागेत किंवा इतवारीत सहज मिळते आणि त्याची किंमत एका वेळच्या डिझेलपेक्षा कमी असते. महाग असते ती फक्त विचारपूर्वक काम करणाऱ्या माणसाची फुरसत.

प्लास्टिकविषयी मात्र शास्त्राचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नाही. नागपुरातल्या उन्हात बंद करून ठेवलेल्या केबिनमधील डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७५-८० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि पहाटे तोच २८-३० अंशांवर असतो. पन्नास अंशांच्या या फरकाने एबीएस जातीच्या प्लास्टिकची एक मीटर लांबीची पट्टी सुमारे ४ मिलिमीटर लांबते. तितक्याच लांबीची पोलादी पट्टी अवघी ०.६ मिलिमीटर लांबते. आता हा प्लास्टिकचा डॅशबोर्ड पोलादी चौकटीला स्क्रूंनी आवळलेला असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे भेगा नेहमी स्क्रूच्या भोकापासूनच का निघतात याचा उलगडा होतो. रोज दुपारी ताणले जाणे आणि रोज रात्री आकसणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. त्यावर सूर्याची अतिनील किरणे प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडत असतात, आणि मऊ आवरणात मिसळलेले मृदुकारक द्रव्य उडून पुढच्या काचेवर तेलकट धुके होऊन बसते. पहाटे फडक्याने पुसूनही न जाणारे ते धुके म्हणजे डॅशबोर्डचे विरघळत चाललेले आयुष्य होय. भेग पडल्यावर ती सांधण्यापूर्वी स्क्रू किंचित सैल करून भोक लांबट करावे आणि खाली रबरी वायसर द्यावा, म्हणजे अंगाला हलायला जागा राहते. एवढे न करता सांधलेली भेग पुढच्या उन्हाळ्यात शेजारून पुन्हा निघते.

सांधावयाचे कशाने, हे प्लास्टिकच्या जातीवर ठरते, आणि बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचे मूळ ही जात न ओळखण्यात आहे. भागाच्या मागच्या अंगाला पुष्कळदा जातीची अक्षरे साच्यातच उठवलेली असतात. ती नसतील तर आमचा कारागीर कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा कापून पाण्याच्या वाटीत टाकतो. तुकडा तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, कारण ते पाण्याहून हलके असते. बुडाला तर बहुधा एबीएस, आणि खात्रीसाठी तो त्यावर अॅसिटोनचा थेंब सोडतो. एबीएस असेल तर थेंबाखाली चिकट होते, पॉलिप्रोपिलीनवर काहीच परिणाम होत नाही. मिलानमध्ये जुलिओ नत्ता यांनी १९५४ साली सिद्ध केलेले आणि ज्यासाठी त्यांना कार्ल त्सिग्लर यांच्यासमवेत १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते हे पॉलिप्रोपिलीन स्वस्त, हलके आणि चिवट आहे, परंतु कोणत्याही डिंकाला ते दाद देत नाही. खणाचे झाकण, वाऱ्याची नळी असले भाग त्याचे असतात, आणि त्यांवर लावलेले इपॉक्सी सुकल्यावर पापुद्र्याने निघून येते, हा अनुभव ज्याने घेतला नाही असा गाडीमालक विरळा. त्याला उष्णतेनेच सांधावे लागते. सोल्डरच्या इस्त्रीने भेगेच्या दोन्ही कडा वितळवून त्यात पोलादी तारेचे टाके रुतवायचे आणि वरून त्याच जातीच्या प्लास्टिकची चीप वितळवून भरायची; ही चीप मोडक्या प्लास्टिक खुर्चीच्या पायातून किंवा टाकून दिलेल्या बंपरातून कापून घेता येते.

एबीएसची गोष्ट सुलभ आहे, आणि मला ती फार सुंदर वाटते. त्या भागाच्याच आतल्या, न दिसणाऱ्या फासळीतून थोडे कण कापून ते काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये टाकले, की दुसऱ्या दिवशी त्याच रंगाची घट्ट लापशी तयार होते. ती भेगेत भरली असता अॅसिटोन दोन्ही कडांना मऊ करते, मग उडून जाते, आणि मागे राहते ते मूळचेच द्रव्य. येथे सांधा असा राहतच नाही. याउलट ज्या सायनोअॅक्रिलेट जातीच्या झटपट डिंकावर सर्वसामान्यांचा अढळ विश्वास आहे, तो साधारण ८० अंशांच्या आसपास आपली पकड सोडू लागतो. युरोपातल्या थंड गाडीत तो वर्षानुवर्षे टिकेल. नागपुरात डॅशबोर्डच्या वरच्या अंगावर तो पहिल्याच मे महिन्यात हार मानतो. पायाजवळच्या, सावलीतल्या लहान भागांना त्याचा उपयोग जरूर करावा, आणि खाण्याच्या सोड्याची चिमूट भेगेत घालून त्यावर त्याचा थेंब सोडला असता क्षणात दगडाइतका कठीण भराव होतो, ही युक्ती मोडलेल्या स्क्रूच्या बोंडाला उत्तम लागू पडते. परंतु उन्हात येणाऱ्या भागाला तो लावू नये. हल्ली अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्रिमितीय मुद्रण यंत्रावर मोडके खटके, जाळ्यांची पाती, झाकणांच्या बिजागऱ्या नव्याने घडवून देऊ लागले आहेत. या उद्योगाचे मनापासून स्वागत केले पाहिजे; फक्त मक्याच्या स्टार्चपासून होणारे पीएलए हे जे द्रव्य त्यांच्या यंत्रात बहुधा भरलेले असते, ते ६० अंशांच्या आतच मऊ पडते, तेव्हा केबिनसाठी त्यांनी एबीएस किंवा एएसए वापरावे. नागपूरचे ऊन हीच येथल्या प्रत्येक उपायाची कसोटी आहे.

कोठे थांबावे हेही या कारागिराला नेमके ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी विशेष आदर वाटतो. सीटचा पट्टा आणि त्याचे कुलूप, स्टिअरिंगच्या दांड्यावरील कोणताही भाग, सीट जमिनीला धरून ठेवणारी पकड, यांना तो डिंक किंवा इस्त्री लावत नाही. तेथे नवाच भाग आणा, असे स्पष्ट बजावतो. दाराच्या आतल्या हँडलाविषयीही त्याचा कटाक्ष असाच आहे. तारेची कडी घालून वर्षभर चालवणारे चालक पुष्कळ आहेत, पण गाडी उलटली तर काळोखात ती कडी सापडावयाची कशी, हा त्याचा प्रश्न कोणालाही निरुत्तर करील असा आहे. वेगमापक बंद पडला तर निदान पासिंगच्या धाकाने तरी दुरुस्त होतो, आणि पुष्कळदा दोष केवळ वाळलेल्या केबलचा असतो. दाराच्या हँडलाला असा कोणाचा धाक नाही.

सुटे भाग सुटे म्हणून मिळावेत, ही या प्रकरणातली व्यवहाराची बाजू. बोटाएवढी बिजागरी मोडली म्हणून अख्खे झाकण, आणि झाकण मिळत नाही म्हणून अख्खा डॅशबोर्ड, असा हिशेब गाडीमालकाला सांगितला जातो, आणि गाडीचे उत्पादन बंद होऊन काही वर्षे लोटली की तेही मिळेनासे होते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात उपलब्ध करून दिली नाही याच सबबीवर. त्या निर्णयावर पुढे अपिले झाली. तरी सुटा भाग हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, हे तत्त्व या देशात त्या दिवशी अधिकृतपणे उच्चारले गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ साली केला होता; आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये समिती नेमून शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि मोटारी यांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा विचार सुरू केला. ही पावले योग्य दिशेने पडलेली आहेत, परंतु त्यांचा लाभ नव्या गाड्यांना आधी होईल. जुन्या पिकअपला आज आधार आहे तो दिल्लीच्या काश्मिरी गेटहून येणाऱ्या नकली मालाचा, ज्याची जात आणि टिकाऊपणा नशिबावर असतो, आणि कबाडातून काढलेल्या अस्सल भागांचा.

या दुसऱ्या आधाराविषयी मला काळजी वाटते. २०२१ साली जाहीर झालेले वाहने मोडीत काढण्याचे धोरण हवेच्या शुद्धीसाठी आणि रस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, त्याला माझा विरोध नाही. परंतु जी २०७ मोडीत निघते तिच्या दारांत चार चांगली हँडले असू शकतात, मूठभर क्लिपा, एखादे न तडकलेले झाकण, डोळ्यांवरच्या पट्टीची एक शाबूत कडी असू शकते. यंत्राने चिरडून तिचे पोलाद भट्टीत गेले की हे सर्व जिन्नस कचऱ्यात मिसळतात, कारण किलोच्या भावात त्यांना किंमत नाही. मोडीच्या केंद्रांनी गाडी चिरडण्यापूर्वी केबिनमधले असे भाग उतरवून, गाडीच्या नावानिशी नोंद करून, माफक दराने विक्रीला ठेवण्याची तजवीज करावी, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी लागेल एक माणूस, एक पेचकस आणि काही रकाने पाडलेली वही.

या कामाचा मोसम कोणता, हे शेवटी सांगतो. मिस्त्रीच्या दारात गर्दी होते ती मे महिन्यात, काच अडकून जीव कासावीस झाल्यावर, आणि तेव्हा भाड्याचा हंगाम सोडून गाडी दोन दिवस उभी ठेवायला कोणी राजी नसतो. आंबिया बहार संपल्यावर आणि मृग बहाराची फळे निघण्यापूर्वी मधल्या काळात गाडीला जी उसंत मिळते, ती या दुरुस्तीला सर्वोत्तम; चॅनल बदलावी, भोके साफ करावी, पडदा लावावा, डॅशबोर्डचे स्क्रू सैल करून वायसर द्यावेत. फक्त नागपूरच्या थंडीत भल्या पहाटे दाराचा पॅड उघडू नये, कारण गारठलेल्या जुन्या क्लिपा हात लावताच तुटतात. गाडी तासभर उन्हात उभी करावी, अकरा-बाराच्या सुमारास प्लास्टिक थोडे मऊ झाले म्हणजे पॅडच्या खालच्या कडेपासून आरंभ करावा, आणि निघालेली प्रत्येक क्लिप, मोडकी असली तरी, डबीत जपून ठेवावी. तिच्या मापाची दुसरी शोधताना ती लागतेच.